जुने मनगटी घड्याळ पारखताना: नव्या संग्राहकासाठी मार्गदर्शन

जुन्या घड्याळांच्या व्यवहारात पूर्णपणे नकली घड्याळ थोड्या सरावाने ओळखता येते. अवघड असते ते एका घड्याळाची केस (बाहेरचे धातूचे कवच), दुसऱ्याचे मशीन, तिसऱ्याचे काटे आणि नव्याने रंगवलेले डायल एकत्र करून जुळवलेले घड्याळ, ज्याला संग्राहक ‘फ्रँकनवॉच’ म्हणतात. त्यातला जवळजवळ प्रत्येक भाग अस्सल असू शकतो आणि तरीही ते घड्याळ त्या रूपात कारखान्यातून कधीच बाहेर पडलेले नसते. २०२१ मध्ये जिनिव्हा येथे फिलिप्स या लिलावसंस्थेच्या लिलावात १९५७ सालचे म्हणून मांडलेले एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाखांहून अधिक स्विस फ्रँकना विकले गेले. ते घेणारी ओमेगा कंपनीच होती, आणि ते घड्याळ जुळवलेले असल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. म्हणून ‘हे खरे आहे का’ एवढेच न विचारता ‘याचे सगळे भाग एकाच काळाचे आहेत का’ असे विचारत पारखीला सुरुवात करावी.

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आधी माहिती हवी, आणि सगळ्या घड्याळांची माहिती कोणालाच नसते. सुरुवातीला एकच मॉडेल निवडून त्याची डायल, काटे, चावी, केस आणि मशीन कोणत्या वर्षी कसे होते हे नीट अभ्यासावे. उदाहरणार्थ, स्पीडमास्टरमध्ये ३२१ क्रमांकाचे मशीन होते आणि १९६८ च्या सुमारास त्याची जागा ८६१ ने घेतली. तेव्हा १९६४ सालच्या म्हणून दाखवलेल्या स्पीडमास्टरमध्ये ८६१ आढळले, तर ते मशीन मागाहून बसवलेले आहे हे उघडच आहे. सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी एवढी साधने पुरतात.

सर्वाधिक वेळ द्यावा तो डायलला, कारण घड्याळाची किंमत बहुतांशी तिथेच ठरते आणि लबाडीही तिथेच जास्त होते. जुन्या डायलवरची छपाई भिंगाखाली किंचित उठावदार आणि कडेला रेखीव दिसते. पुन्हा रंगवलेल्या डायलवर अक्षरे जाड-बारीक होतात, मिनिटांच्या रेषा तासांच्या खुणांच्या मध्याशी जुळत नाहीत, आणि सहाच्या अंकाखालची ‘स्विस मेड’ ही बारीक ओळ एक तर गायब असते किंवा एका बाजूला सरकलेली असते. साठ वर्षांपूर्वीच्या घड्याळाचे डायल आरशासारखे निष्कलंक असेल, तर हरखून जाण्याआधी संशय घेणे शहाणपणाचे.

अंधारात चमकणारा रंग हा वयाचा उत्तम साक्षीदार आहे. साधारण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यात रेडियम वापरत, त्यानंतर १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ट्रिटियम, आणि मग किरणोत्सारी नसलेला सुपर-ल्युमिनोव्हा आला. ट्रिटियम असलेल्या स्विस डायलच्या तळाशी सहसा ‘टी’ हे अक्षर छापलेले असते. त्यामुळे १९५० च्या दशकातल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या डायलवर ‘टी’ दिसले, तर ते डायल मागाहून बदललेले आहे. ट्रिटियमचा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, १२.३ वर्षे असल्याने १९६५ च्या रंगात आज मूळच्या सुमारे तिसाव्या भागाइतकेच ट्रिटियम उरलेले असते. असा रंग अतिनील प्रकाशात उजळला, तरी बॅटरी बंद करताच तो बहुधा काही क्षणांत मावळतो. तो बराच वेळ हिरवा तेवत राहिला, तर रंग नवा आहे. काट्यांवरचा आणि डायलवरचा रंग एकाच छटेचा नसेल, तर दोहोंपैकी काहीतरी बदललेले असण्याची शक्यता मोठी असते. रेडियमचा अर्धायुकाल मात्र सुमारे १,६०० वर्षे आहे. रंगाची चमक गेली तरी किरणोत्सार जात नाही, म्हणून असे डायल स्वतः उघडण्याच्या किंवा खरवडण्याच्या फंदात पडू नये.

मागचे झाकण उघडल्याशिवाय खरेदी करू नये, हा नियम मी सर्वांत कडक मानतो. सेकंदकाटा दर सेकंदाला एकच ठळक उडी घेत असेल, तर आत बहुधा क्वार्ट्‌झ, म्हणजे बॅटरीवर चालणारे मशीन आहे, आणि क्वार्ट्‌झचे पहिले मनगटी घड्याळ, सेइकोचे अॅस्ट्रॉन, २५ डिसेंबर १९६९ रोजी विक्रीला आले. जुन्या यांत्रिक घड्याळांत तासाला १८,००० ठोक्यांचा वेग सर्रास आढळतो, म्हणजे काटा सेकंदाला पाच बारीक पावले टाकतो. १९४० च्या दशकातला म्हणून दाखवलेल्या क्रोनोग्राफमध्ये (स्टॉपवॉचची सोय असलेल्या घड्याळात) कधीकधी चिनी सीगल एसटी१९ हे मशीन सापडते. ते व्हीनस १७५ या जुन्या स्विस मशीनवरून घडवलेले असल्याने वरवर जुनेच भासते, म्हणून मशीनवरचा शिक्का आणि क्रमांक वाचावा, नुसत्या रूपावर जाऊ नये. जुन्या खिशातल्या घड्याळाचे मशीन मोठ्या मनगटी केसमध्ये बसवून ‘दुर्मीळ लष्करी घड्याळ’ म्हणून खपवण्याचा प्रकारही जुनाच आहे. त्या काळातली पुरुषांची बहुतेक घड्याळे ३० ते ३५ मिलिमीटरच्या आसपासची असत. वैमानिकांच्या घड्याळांसारखे अपवाद आहेत, पण अपवाद सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची.

केसविषयी थोडक्यात सांगता येईल. जुन्या रोलेक्सवर मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक केसच्या कानांच्या (पट्टा अडकवायच्या टोकांच्या) मध्ये, अनुक्रमे बाराच्या आणि सहाच्या बाजूला कोरलेले असतात आणि ते पाहण्यासाठी पट्टा काढावा लागतो. अस्सल कोरीव काम रेखीव असते, तर आम्लाने उमटवलेले आकडे भिंगाखाली खरबरीत दिसतात. १९९५ पूर्वीच्या स्विस १८ कॅरेट सोन्याच्या केसवर हेल्व्हेशियाच्या (स्वित्झर्लंडचे प्रतीक असलेल्या स्त्रीच्या) मस्तकाची मुद्रा असते आणि त्यानंतरच्या केसवर सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या मस्तकाची. पुन्हा पुन्हा पॉलिश करून कडा गोलावलेली केस नकली नसते, पण तिची किंमत कमी धरावी.

सरावासाठी १९७० च्या दशकातली सेइको घड्याळे मला विशेष सोयीची वाटतात. त्यांच्या सहा अंकी अनुक्रमांकातला पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरे चिन्ह महिना सांगते, मागच्या झाकणावर मशीन व केसचा क्रमांक असतो, आणि डायलच्या तळाशी भिंगानेच वाचता येईल असा डायलचा स्वतंत्र क्रमांक असतो. सेइकोच्या ६१३९ या क्रोनोग्राफला बाजारात नवी बनवलेली डायल सर्रास मिळतात. त्यांवर हा क्रमांक एक तर नसतो किंवा चुकीचा असतो, त्यामुळे फसगत सहसा तिथेच उघडी पडते.

कागदपत्रांना हल्ली फाजील महत्त्व दिले जाते. जुने खोके आणि हमीपत्र वेगळे विकत मिळते. पाटेक फिलिपसारख्या कंपन्या आपल्या दप्तरातला उतारा देतात तो उपयोगी असतो, पण त्या क्रमांकाचे घड्याळ कधी आणि कोणत्या स्वरूपात तयार झाले एवढेच तो सांगतो. हातातल्या घड्याळाचे डायल मूळचे आहे की नाही, याविषयी तो काहीच सांगत नाही. विक्रेत्याकडे मशीनची, झाकणाच्या आतल्या बाजूची, कानांमधल्या क्रमांकांची आणि डायलची जवळून घेतलेली छायाचित्रे मागावीत, आणि कोणते भाग बदलले आहेत हे लेखी विचारावे. कंपनीने दुरुस्तीच्या वेळी बसवलेली चावी किंवा काटे ही फसवणूक नव्हे, ते लपवणे ही फसवणूक. ‘मशीन उघडता येत नाही’ असे उत्तर आल्यास घड्याळ कितीही आवडले असले तरी पैसे देऊ नयेत. व्यवहार झालाच, तर परत करण्याची मुदत लेखी घेऊन ती संपण्याआधी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या घड्याळजीकडून ते उघडून तपासून घ्यावे.