टीव्हीचा स्क्रीन पुसायचा कसा, आणि चरा पडला तर काय

आमचं घर वडगावात, शेजारी माग. दिवसभर खटखट आणि सुताची बारीक पिंज घरभर, त्यात टीव्हीवर तर हमखास, कारण स्क्रीन चालू असला की धूळ ओढून घेतंय. त्यामुळे टीव्ही पुसणं आमच्यात सणावाराचं काम नाही, आठवड्याचं आहे. आणि आठवड्याला पुसूनच मी एक टीव्ही घालवलाय, म्हणून लिहितेय.

आधी एक डोक्यात पक्कं करा. जुना डब्बा टीव्ही काचेचा होता, त्याला कशानंही पुसलं तरी चालायचं. आताच्या बहुतेक एलईडीला पुढं काच नसते, प्लास्टिकची पातळ फिल्म असते आणि तिच्यावर चकाकी मारू नये म्हणून कोटिंग. म्हणजे आरशाचा स्प्रे, स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश काढायचं पाणी, सगळं बाद. अमोनिया आणि अल्कोहोलनं ते कोटिंग ढगाळ होतं आणि मग काही केल्या परत येत नाही. पेपर, टिश्यू, जुनी बनियन, साडीचा पदर हेही नको.

लागतंय काय, तर दोन मायक्रोफायबरची फडकी, गाडी पुसायला मिळतात ती, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. ॲसिड नव्हे, पाणी, कॅनवरचं नाव वाचून घ्या. बोअरचं पाणी नको, वाळलं की पांढरे डाग धरतात.

प्लग काढा, पंधरा मिनिटं गार होऊ द्या. काळ्या स्क्रीनवर मळ दिसतोही नीट.

मग कोरडं फडकं चार घडी करून वरून खाली अलगद फिरवा, मळली बाजू उलटत जा. हे सोडून डायरेक्ट ओलं फडकं लावलं तर धुळीतली वाळू चिकटून स्क्रीन घासली जाते. निम्मे चरे असेच पडतात, पोरांनी नाही, आपणच पाडलेले असतात.

आता ओलं पुसणं. इथंच माझा घात झाला. गणपतीच्या आधी घर आवरताना स्क्रीनवर कुंदा मिठाईच्या तुपाच्या बोटांचे ठसे दिसले (धाकट्याचे, दुसरं कोण), आणि मी निळा स्प्रे घेतला आणि थेट स्क्रीनवर फुस्स फुस्स मारला. ओघळ खाली पट्टीपर्यंत गेला, मी पुसला, झालं म्हटलं. संध्याकाळी लावला तर खालून उभ्या रेघा, दुसऱ्या दिवशी निम्मा स्क्रीन पांढरा. मेकॅनिकनं खालची पट्टी काढून दाखवलं, आत कॅमेऱ्याच्या रिळासारख्या पातळ पट्ट्या, पॅनलला चिकटवलेल्या, आणि त्यांच्या कडेला हिरवट गंज धरायला लागलेला. म्हणाला, "वैनी, टीव्ही पुसलासा की आंघोळ घातलासा?" हसले मी, पण पॅनलचा आकडा ऐकून हसू गेलं, थोडे घालून नवाच टीव्ही येत होता.

तर स्क्रीनवर थेंबभरसुद्धा काही मारायचं नाही. पाणी फडक्यावर, तेही घट्ट पिळून, म्हणजे गालाला लावलं तर गार लागावं पण गाल ओला होऊ नये. तेवढंच. वरून खाली या आणि खालच्या कडेच्या दोन बोटं वर थांबा, त्या पट्टीला शेवटी कोरड्या फडक्यानं पुसा. जोर लावू नका, अंगठ्यानं दाबलं की पॅनल आतून दुखावतं आणि डाग कायमचा बसतोय. तुपाचा ठसा एवढ्यानं गेला नाही तर आधी तोंडाची वाफ द्या, चष्म्याला देतो तशी, आणि हलकं पुसा. तरीही हट्टी असेल तर पेलाभर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एकच थेंब, फडकं त्यात बुडवून पिळून पुसा, मग साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. दोन थेंब घातलात तर फेसाचे पट्टे काढत बसाल. पूर्ण वाळल्याशिवाय प्लग लावू नका, पावसाळ्यात तर अर्धा तास जास्त.

चऱ्यांचं म्हणाल तर आधी तो चराच आहे का बघा, ओल्या फडक्यानं जाणारी रेघ म्हणजे कशाचं तरी घासून लागलेलं असतंय. खरंच चरा असेल तर टीव्ही लावा. बंद असताना दिसतो आणि चालू केल्यावर दिसत नाही, तर सोडून द्या, हात लावू नका. टूथपेस्टचा सल्ला देणारे घरोघरी आहेत. आमच्या जाऊबाईंनी लावली, टूथपेस्टमध्ये घासायची पावडर असते, तिनं कोटिंग खरवडलं आणि बारीक रेघेच्या जागी रुपयाएवढा चकचकीत ठिपका झाला, जो आता लाईट लावला की डोळ्यात येतोय. खायच्या सोड्याचंही तेच. व्हॅसलीन लावलं तर चार दिवस झाकतं, नंतर त्यावर सूत येऊन बसतं, आमच्याकडं तर दुसऱ्याच दिवशी.

चालू असतानाही दिसणारा चरा आत गेलेला असतो, त्याला औषध नाही. वॉरंटीत ओरखडा सहसा बसत नाही, तरी कार्ड काढून एकदा वाचा. पोरं घरात बॅट-बॉल खेळत असतील तर ॲक्रेलिकचा गार्ड मिळतो, टीव्हीपुढं अडकवायचा. तोही प्लास्टिकच, पुसायची रीत तीच, चरे पण त्यालाच पडतात, आमच्या गार्डवर आता सात आहेत.