नेव्हीतला कॅप्टन वेगळा, आपल्या कॅम्पातला वेगळा

बेळगावच्या पोरांना रँक कोण शिकवणार, असंच सगळ्यांना वाटतं. मराठा सेंटरवरनं, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या ट्रेनिंग सेंटरवरनं, रोजचं येणंजाणं, गल्लीत एखादे रिटायर्ड सुभेदार काका असतातच, खांद्यावर तीन स्टार म्हणजे कॅप्टन हे शाळेतच पाठ झालेलं. नेव्हीचा फॉर्म भरणाऱ्यांचा घात हेच पाठांतर करतं. एसएसबीच्या, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीच्या, तयारीत मला सगळ्यात जास्त यानंच छळलं, म्हणून लांबण लावून सांगतोय.

नेव्हीचा कॅप्टन म्हणजे आर्मीचा कर्नल, चार सोनेरी पट्ट्या. आणि आर्मीच्या कॅप्टनच्या बरोबरीला नेव्हीत दोन पट्ट्यांचा लेफ्टनंट. तक्ता घोकू नका, टेन्शनमध्ये तो पहिला उडतो, त्यापेक्षा शब्द कुठनं आला ते बघा. कॅप्टन आला लॅटिनच्या कापुटवरनं, म्हणजे डोकं, प्रमुख. जमिनीवर तो मूळचा एका कंपनीचा प्रमुख, शंभरेक माणसं, आणि समुद्रावर अख्ख्या लढाऊ जहाजाचा, तोफा आणि शेकडो खलाशी सगळं त्याच्याच अंगावर, म्हणून तिकडं हे पद वर चढलं. लेफ्टनंट फ्रेंच आहे, ल्यू म्हणजे जागा आणि तनाँ म्हणजे धरणारा, कॅप्टन नसला की त्याची जागा सांभाळणारा. अजून एक गाठ आहे, जहाजाचा प्रमुख रँकनं कमांडर असला तरी जहाजावर त्याला कॅप्टनच म्हणतात. इथं भलेभले अडकतात, घाबरू नका, एकदा डोक्यात बसलं की बसलं.

ॲडमिरल ॲडमायरवरनं आला असं एकपानी पीडीएफ छापतात, त्या पीडीएफ फेकून द्या. मूळ अरबी अमीर, म्हणजे हुकूम देणारा, पुढचं 'अल' त्यालाच चिकटलं, आणि मधला 'ड' तेवढा लॅटिन शब्दांशी गल्लत होऊन घुसला. रिअर ॲडमिरल म्हणजे ताफ्याच्या पिछाडीचा. आपल्या कान्होजी आंग्र्यांचा किताब सरखेल, तोही फारसीतनं आलेला, पथकाचा म्होरक्या. हे स्वतःहून सांगता आलं पाहिजे, आपलाच इतिहास आहे की.

4 डिसेंबर 2023 ला सिंधुदुर्गात नौदल दिनाला पंतप्रधानांनी रँकना भारतीय परंपरेतली नावं देणार असं जाहीर केलंय, त्यामुळं मुलाखतीला जायच्या आधी नेव्हीच्या साइटवर आत्ताची नावं बघूनच जा. आणि सुभेदार काकांकडनं शिस्त जरूर शिका, पण नेव्हीचं नेव्हीवाल्यालाच विचारा. एझिमलाहून, म्हणजे केरळातल्या नेव्हीच्या अकादमीतनं, बाहेर पडताना पहिली रँक सब लेफ्टनंट, एकच पट्टी, म्हणजे आर्मीचा लेफ्टनंट, हे घरच्यांना आधीच समजावून ठेवा.