पोफळीवर मृगाआधी बोर्डो: आधी नीट विरघळवा, मग मिसळा

रोहिणी नक्षत्र लागलं की श्रीवर्धन, मुरुड, गुहागरच्या वाड्यांत पाडेली, म्हणजे पोफळीवर (सुपारीच्या झाडावर) चढणारे गडी, शोधायची घाई सुरू होते. कोळेरोग या बुरशीच्या रोगाने होणारी सुपारीगळ थांबवायची तर बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाची पहिली फवारणी पाऊस लागण्याआधी घडांवर बसलीच पाहिजे. पण माझ्या मते निम्मं यश पोफळीवर नव्हे, खाली पिंपातच ठरतं.

एक टक्का बोर्डोसाठी १ किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागतं. मोरचूद हे द्राव्य, पाणी हे द्रावक. मोरचुदाचे कण पाण्यात पूर्ण मिसळून जातात आणि निळंशार, आरपार दिसणारं द्रावण तयार होतं. खडे तळाशी टाकू नका. तिथलं पाणी लवकर दाट होतं आणि पुढे विरघळणं मंदावतं. फडक्यात बांधून पुरचुंडी ५० लिटर पाण्यात वरच्या बाजूला टांगा. जड झालेलं द्रावण आपोआप खाली उतरतं, खड्यांना ताजं पाणी मिळत राहतं. घाई असेल तर खडे कुटून कोमट पाण्यात विरघळवा. पिंप प्लास्टिकचं घ्या, लोखंडाचं नको. लोखंड विरघळू लागतं आणि द्रावणातलं तांबं त्याच्यावर चढतं.

चुन्याचं तसं नाही. लिटरभर पाण्यात तो दोन ग्रॅमदेखील विरघळत नाही, उरलेला नुसता तरंगत राहतो. म्हणून आधी थोड्या पाण्यात फोडा, थंड होऊ द्या, गाळा आणि ५० लिटर करा. मचूळ विहिरीचं पाणी टाळा, त्यात क्षार आधीच विरघळलेले असतात.

आता दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओता आणि लाकडी काठीने ढवळत राहा. तिसरं पिंप नसेल तर मोरचूद चुन्यात ओता, उलट कधीही नाही. इथे तांबं द्रावणातून बाहेर पडून बारीक निळा साका होतं, आणि आपल्याला तेच हवं असतं. विरघळलेलं मोकळं तांबं कोवळा भाग जाळतं. साक्यातलं तांबं घडाला चिकटून पावसातही टिकतं आणि थोडं थोडं सुटत बुरशीला रोखतं.

चकचकीत लोखंडी सुरी मिश्रणात थोडा वेळ बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे. चुन्याची निवळी थोडी थोडी घालून पुन्हा तपासा. ही तपासणी कृपया टाळू नका, वर्षाचं पीक तिच्यावर आहे.

साका तळाशी बसतो, म्हणून पंप भरताना दर वेळी ढवळा. मिश्रण त्याच दिवशी संपवा, त्यात दुसरं औषध घालू नका. फवारणाऱ्याला हातमोजे आणि चष्मा द्याच.

दुसरी फवारणी ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप बघून. तिचा चुना आत्ताच आणला असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळी हवेत उघडा राहिलेला चुना मरतो, मग तेवढ्याच वजनात भागत नाही. तेव्हाही सुरी बुडवूनच ठरवा.