बागेतल्या कीटकांचे मॅक्रो छायाचित्रण : लेन्सच्या आधी प्रकाश

बागेतले कीटक आणि कोळी टिपायला नव्याने सुरुवात करणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणती लेन्स घेऊ?’ असाच असतो. मी हे काम एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरच्या (चित्र टिपणाऱ्या भागाच्या) एका जुन्या कॅमेऱ्यावर शिकले आणि त्या अनुभवावरून ठामपणे सांगते की, लेन्सच्या आधी प्रकाशाची सोय करावी. कीटकाची सेन्सरवरील प्रतिमा त्याच्या प्रत्यक्ष आकाराएवढी, म्हणजे एकास एक प्रमाणात घेतली, तर अशा कॅमेऱ्यावर लेन्सचे छिद्र एफ/११ इतके लहान ठेवूनही जेमतेम ०.९ मिमी खोलीचा भाग स्पष्ट येतो. घराच्या भिंतीवर दिसणारा उडी मारणारा कोळी सेंटिमीटरभर लांब असतो. त्याचे डोळे रेखीव आले, तर मागचे पाय धूसर होणारच. शिवाय या प्रमाणाला एफ/११ वर प्रत्यक्षात एफ/२२ इतकाच प्रकाश आत पोहोचतो, आणि छिद्र आणखी लहान करत गेल्यास विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळे चित्रच मऊ पडते. झाडाच्या सावलीत, हलत्या पानावर, केवळ नैसर्गिक प्रकाशाच्या भरवशावर हे गणित सहसा जुळत नाही.

म्हणून पहिला खर्च ताकद हाताने ठरवता येणाऱ्या साध्या मॅन्युअल फ्लॅशवर करावा आणि त्यापुढे प्रकाश पसरवून सौम्य करणारा डिफ्यूजर बसवावा. फ्लॅशची ताकद पूर्ण ताकदीच्या १/१६ किंवा १/३२ ठेवली की त्याचा लखलखाट इतका क्षणिक असतो की हाताची थरथर चित्रात उतरत नाही. डिफ्यूजर विकत मिळतो. पण पुठ्ठ्याला आतून चंदेरी कागद लावून पुढे ट्रेसिंग पेपर किंवा पॅकिंगमधला पातळ पांढरा फोम ताणून बसवला, तरी उत्तम काम होते. त्याचे टोक लेन्सच्या पुढच्या काठापर्यंत आले पाहिजे, कारण प्रकाशाचा पृष्ठभाग कीटकाच्या जितका जवळ आणि जितका रुंद, तितक्या सावल्या सौम्य. कोळ्याचे पुढचे दोन मोठे डोळे याची परीक्षाच घेतात : उघड्या फ्लॅशचा त्यांत टोचणारा पांढरा ठिपका दिसतो, तर चांगल्या डिफ्यूजरने बुबुळाच्या वरच्या भागात मंद उजेडाची कमान उमटते आणि तिच्याखाली डोळ्याची खोली कळते. फ्लॅशमुळे पार्श्वभूमी काळी पडत असेल, तर मागे जवळच एखादे पान येईल असा कोन शोधावा.

आता लेन्सविषयी. हाताशी ५० मिमीची लेन्स असेल, तर कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या १२, २० आणि ३६ मिमीच्या पोकळ एक्स्टेन्शन ट्यूबांचा संच तिला प्रत्यक्ष आकाराच्या सुमारे १.४ पट प्रतिमेपर्यंत नेतो. दूरचे जवळ आणणारी टेलिझूम लेन्स असेल, तर तिच्यापुढे अडकवायचे रेनॉक्स डीसीआर-२५० हे ८ डायॉप्टरचे (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचे एकक) भिंग घ्यावे. २०० मिमीवर ते १.६ पट प्रतिमा देते. खरी मॅक्रो लेन्स घ्यायचीच असेल, तर ९० ते १०५ मिमीची घ्यावी, कारण एकास एक प्रमाणाला तिच्या काचेपासून कीटकापर्यंत साधारण १३ ते १५ सेंमी अंतर उरते. ६० मिमीच्या लेन्सला त्याहून बरेच जवळ जावे लागते आणि नाकतोडा तोवर उडून जातो.

ऑटोफोकस बंद करावा. हवे ते प्रमाण लेन्सवर ठरवून घ्यावे आणि श्वास रोखून स्वतःच किंचित पुढेमागे झुकत, डोळे स्पष्ट होताच बटण दाबावे. पान वाऱ्याने डुलत असेल, तर डाव्या हाताच्या बोटांत त्याचा देठ धरून लेन्स त्याच हातावर टेकवावी. मग पान आणि कॅमेरा एकत्रच हलतात. ही एकच युक्ती मला ट्रायपॉडहून अधिक उपयोगी पडली आहे.

पावसाळा सरल्यावर, थंडीच्या पहाटे, दवाने भिजलेले चतुर आणि टाचण्या (चतुरांसारखेच पण सडपातळ कीटक) ऊन चढेपर्यंत जागच्या हलत नाहीत. कढीपत्ता आणि लिंबाची पाने मात्र बारकाईने पाहावीत, कारण तिथे पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या फुलपाखराच्या लहान अळ्या बसलेल्या असतात. कीटक स्थिर व्हावा म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला काहीजण देतात. तो कृपया मानू नये. जिवाला इजा करून मिळवलेल्या चित्रात त्याचे वागणेही खोटेच दिसते.

ओळख पटवण्यासाठी एक चित्र कधीच पुरत नाही. कोळ्याची पाठ, समोरून डोळ्यांची मांडणी आणि शक्य झाल्यास पोटाची बाजू अशी तिन्ही चित्रे घ्यावीत. जाळ्याच्या मधोमध बसणारा सिग्नेचर स्पायडर याबाबतीत सोपा, कारण जाळ्याला धक्का न लावता दोन्ही बाजूंनी तो टिपता येतो. प्रत्येक चित्रासोबत तारीख, ठिकाण आणि झाडाचे नाव लिहून ठेवावे. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचे नाव मिळालेली ‘इसियस तुकारामी’ ही उडी मारणाऱ्या कोळ्याची जात २०२१ साली जगासमोर आली, तीही ठाणे परिसरातून. काही जाती केवळ चित्रावरून ठरत नाहीत, नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावाच लागतो. तरीही तारीख-ठिकाणासह आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ठेवलेली नोंद अभ्यासकाला नेमके कुठे आणि कोणत्या महिन्यात शोधायचे, ते सांगते.