लपलेलं यान दाखवणारा पडदा कसा करायचा

भाचा गेम बनवतोय. अंतराळयानाच्या ब्रिजवर, म्हणजे यान चालवायच्या खोलीत बसून, अदृश्य झालेलं शत्रूचं यान शोधायचं. त्याने केलेल्या पडद्यावर हिरवी रेघ गोल फिरायची आणि मध्येच लाल ठिपका लुकलुकायचा. म्हटलं, "अरे, हा लपलाय कुठे? हा तर हात वर करून उभा आहे!" बरीच वर्षं मर्चंट नेव्हीत रडारपुढे काढलीत, म्हणून पडदा माझ्या गळ्यात पडला. तुम्हालाही करायचा असेल तर असा करा.

आधी पडदा घाण करा. खऱ्या रडारवर खवळलेल्या समुद्राच्या लाटांचेही प्रतिध्वनी येतात आणि मध्यभागी पांढरा चिवडा दिसतो, त्याला आम्ही सी क्लटर म्हणतो. तो कमी करायला नॉब असतो. थर्ड ऑफिसर असताना, गणपतीच्या दिवसांत कोकण किनाऱ्याजवळ, मी तो नॉब इतका फिरवला की पडदा आरशासारखा स्वच्छ झाला. चिवड्याबरोबर एक लाकडी होडीही पुसली गेली. लुकआउटवरच्या खलाशाला तिची बत्ती दिसली म्हणून वाचलो. कॅप्टनने नंतर काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

तर तो नॉब खेळणाऱ्याच्या हातात द्या. पडद्याचे चौकोन पाडा, दर फेरीला प्रत्येकात 0 ते 100 मधला कुठलाही आकडा टाका आणि शत्रूच्या चौकोनात 30 जास्तीचे मिळवा. एका फेरीत तो सहसा ओळखू येत नाही. 9 फेऱ्यांची सरासरी घेतली की नुसत्या चिवड्याचा चढउतार एक तृतीयांश होतो आणि शत्रू हळूहळू वर येतो. दोन-चार खोटे ठिपकेही येतील, ते ठेवा. मधेच शत्रू हलला तर सरासरी पुसट होते, तेही ठेवा.

दुसरा पडदा उष्णतेचा. रडारला चकवता येईल, पण माणसं बसलेलं यान आतून 293 केल्विनच्या (20 अंश सेल्सिअसच्या) आसपास असणार आणि मागचं आकाश जेमतेम 2.7 केल्विन (उणे 270 अंश सेल्सिअस). शत्रू फार तर आपल्याकडची बाजू गार ठेवून उष्णता पलीकडे सोडेल. म्हणून खेळणाऱ्याला एक छोटं टेहळणी यान द्या, ते बाजूला पाठवलं की शत्रूची गरम पाठ दिसायला हवी.

तिसरी खूण ताऱ्यांची. एखादा तारा क्षणभर विझला तर मधून काहीतरी गेलं. 1977 मध्ये युरेनसची कडी अशीच सापडली, ग्रहामागे जायच्या आधीच तारा मिचमिचला होता. पडद्यावर तारे भरपूर पेरा, विझलेल्याभोवती फिकट वर्तुळ काढा. बाण बिण नको.

आणि ठिपका कधीच टोकदार नको. शत्रू 30 लाख किलोमीटरवर असेल तर त्याचा प्रकाश 10 सेकंद जुना. सेकंदाला 20 किलोमीटर पळत असेल तर तेवढ्यात 200 किलोमीटर कुठल्याही दिशेला गेलेला असेल, तेवढ्या त्रिज्येचा धुरकट गोळा काढा.

रंग मंद ठेवा, रात्री ब्रिजवर लख्ख पडदा कोणी ठेवत नाही.

काल भाच्याने पहिला डाव खेळला. क्लटरचा नॉब टोकापर्यंत फिरवला आणि म्हणाला, "मामा, इथे कोणीच नाहीये."