मोनोस्पेस फॉन्ट मोफत आहे, तरी या चुका टाळा

अप्पा बळवंत चौकात विकली जाणारी प्रोग्रॅमिंगची पुस्तकं असोत की हिंजवडीच्या कंपन्यांसाठी केलेली ब्रोशर्स, त्यातला कोड लावायला मोनोस्पेस, म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी देणारे फॉन्ट लागतात. जेटब्रेन्स मोनो, फिरा कोड, सोर्स कोड प्रो किंवा आयबीएम प्लेक्स मोनो हे फॉन्ट उत्तम आहेत. चारही एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली, म्हणजे ओएफएलखाली मिळतात. क्लायंटच्या कामात, लोगोत, छापील पुस्तकात बिनधास्त वापरा. पैसे लागत नाहीत, आत श्रेय छापायचीही सक्ती नाही.

सगळ्यात मोठा घोळ नावाचा होतो. शून्याचा आकार बदलायचा असतो, म्हणून फाइल फॉन्टफोर्ज या फॉन्ट बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली जाते, बदल होतो आणि त्याच नावाने एक्स्पोर्ट करून क्लायंटला पाठवली जाते. बदलाची पूर्ण मुभा आहे. पण लायसन्सच्या मजकुरात सुरुवातीलाच 'रिझर्व्ह्ड फॉन्ट नेम', म्हणजे राखीव नाव, दिलेलं असेल, तर ते नाव बदललेल्या फॉन्टला लेखी परवानगीशिवाय देता येत नाही. अडोबीने 'सोर्स' राखून ठेवलंय, आयबीएमने 'प्लेक्स'. त्यामुळे 'सोर्स कोड पुणे' असं नाव ठेवून सुटका नाही. शिवाय नुसतं फाइलचं नाव बदलून भागत नाही. फॉन्टच्या मेनूत दिसतं ते फॅमिली नेम बदलायला हवं. आणि हा नवा फॉन्ट पुढे दिलात तर तोही ओएफएलखालीच द्यावा लागतो, म्हणून क्लायंटला 'फक्त तुमचा फॉन्ट' असं कबूल करू नका. नुसता फॉन्ट विकायलाही बंदी आहे.

मोफत मिळणारा प्रत्येक फॉन्ट ओएफएलचाच असतो असंही नाही. उबुंटू मोनोचं लायसन्स वेगळं आहे, ते वेगळं वाचा.

आता छपाईतली अडचण. फिरा कोड आणि जेटब्रेन्स मोनोमध्ये != टाइप केलं की ≠ सारखं एकच जोडचिन्ह दिसतं. रोज कोड लिहिणाऱ्याला ते आवडतं, पण पहिल्या वर्षाचा विद्यार्थी पुस्तकात बघून कीबोर्डवर तेच चिन्ह शोधत बसतो. पाठ्यपुस्तकात हे बंदच ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिगेचर्स (जोडचिन्हं) बंद करूनही फरक पडत नाही, कारण या फॉन्टमध्ये ही सोय 'कॉन्टेक्स्च्युअल अल्टरनेट्स'मध्ये आहे. ओपनटाइपच्या मेनूत जाऊन तिथली खूण काढा. किंवा सरळ जेटब्रेन्स मोनो एनएल घ्या, त्यात ही जोडचिन्हं नाहीतच. कर्निंग, म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर, 'ऑप्टिकल'वर असेल तर उभ्या ओळी जुळत नाहीत; ते 'मेट्रिक्स' करा.

कोडमध्ये मराठी कॉमेंट असली की अक्षरांच्या जागी चौकोन येतात, कारण या लॅटिन मोनोस्पेस फॉन्टमध्ये सहसा देवनागरी नसते. इनडिझाइनमध्ये ग्रेप स्टाइल (ठरावीक अक्षरांना आपोआप स्टाइल लावणारा नियम) करून युनिकोडच्या ०९०० ते ०९७एफ या देवनागरीच्या पट्ट्यातल्या अक्षरांना 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हा फॉन्ट लावा. हे दोन्ही ओएफएलचेच. मात्रा आणि जोडाक्षरं विस्कटली तर पॅराग्राफला वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा.

प्रेसला पॅकेज देताना फॉन्टची फाइल सोबत द्यायला ओएफएलची हरकत नाही. फक्त फॉन्टच्या झिपमध्ये आलेली लायसन्सची टेक्स्ट फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. अनावश्यक समजून तीच आधी डिलीट केली जाते.