मोसंबीची पिवळी पालवी

जालन्याकडच्या आमच्या मोसंबीची नवी पालवी पिवळी पडायची, शिरा मात्र हिरव्या. ही लोहाच्या कमतरतेचीच खूण. माती परीक्षणात सामू (पीएच, म्हणजे जमीन आम्ल की विम्ल याचं माप) ८.४ आणि मुक्त चुना भरपूर निघाला. अशा जमिनीत लोह असतं, पण मुळांना लागत नाही. नुसतं फेरस सल्फेट (लोहाचं साधं खत) टाकलं तरी तिथेच अडकतं. म्हणून ते शेणखतात मुरवून आळ्यात दिलं आणि ठिबकमधून ईडीडीएचए चिलेटेड लोह सोडलं, म्हणजे चुन्यात अडकू नये म्हणून ईडीडीएचए या रसायनात बांधलेलं लोह. स्वस्तातलं ईडीटीएमध्ये बांधलेलं लोह या सामूला टिकत नाही, दुकानदार काहीही म्हणो. पावसाच्या तोंडावर सामू उतरवायला गंधकही दिलं. एवढ्या चुन्यात सगळ्या रानाचा सामू उतरवणं परवडत नाही, म्हणून मुळांभोवतीचा पट्टाच सांभाळला. जिप्सम टाळलं, ते चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीचं औषध. पुढची पालवी हिरवी आली.